उतरायची जागा

"सायकलीवर बसून जातूस माज्या दारावरनं? खांद्यावर घे ती."

पाटील ओट्यावर बसूनच बोलला. आवाजसुद्धा चढवला नाही. बा थांबला. मागं कॅरियरवर मी, अंगात ताप. मंद्रूपच्या डॉक्टरकडून सुई घेऊन आम्ही गावाकडं परतत होतो. आमच्या वस्तीतल्या माणसानं पाटलाच्या दारासमोर सायकलवरून उतरायचं, ती हातात धरून चालत पुढं जायचं, हा गावचा रिवाज. बा रोज आधीच, लिंबाच्या झाडापाशी उतरायचा. त्या दिवशी उतरला नाही. मी ग्लानीत होते, मला चालवणार नाही, हे त्याला दिसत होतं.

बानं मला खाली उभं केलं. सायकल खांद्यावर घेतली. पाटलाची भिंत संपेपर्यंत तसाच चालला. मी मागून, त्याचं धोतर धरून. ओट्यावरची माणसं हसत होती. माझ्या डोक्यात एकच, हे माझ्या तापामुळं झालं. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

शिकले. सोलापुरात शाळेत बाई झाले. थोरली आक्का नर्स होऊन विलायतेला गेली होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी, उन्हाळी सुट्टीत, तिनं मला तिकडं बोलावून घेतलं. गाडीचं लायसन मी हौसेनं काढलं होतं, पण चालवायला गाडी कुठली? आक्काकडं छोटी गाडी होती. म्हणाली, खेड्यातल्या रस्त्यांवर हात बसव.

ते रस्ते फार अरुंद. दोन्ही बाजूंना झुडपांचं कुंपण. समोरून गाडी आली की कुणीतरी मागं घ्यायची, ज्याला मोकळी जागा जवळ त्यानं. मी प्रत्येकासाठी मागं घ्यायची. समोरचा थांबून हात करत असला तरी मीच. आणि एका वळणावर मोठं दगडी घर होतं, लोखंडी फाटकाचं. तिथं आलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. एकदा तर मी उतरायला दारही उघडलं.

रस्ता मोकळा होता. फाटकात कुत्रंसुद्धा नव्हतं.

"कुणासाठी थांबलीस?" आक्कानं विचारलं.

मी दार ओढून घेतलं. मग तीच म्हणाली, सुरुवातीला तीही इथं थांबायची. एवढा समुद्र ओलांडून आलो, तरी पाटील आमच्या पायात बसलेलाच होता. मला स्वतःची चीड आली. त्याच वळणावरून मी रोज गाडी नेली. थांबत, अडखळत, आणि शेवटी न थांबता. सुट्टी संपता संपता मी फाटकासमोरून गाणं म्हणत जायला लागले. एका संध्याकाळी गाणं तोंडातच राहिलं. बा अजून तिकडं उतरतोय. मी इथं मजेत गाडी फिरवतेय. लाज वाटली.

परत आल्यावर ओळखीच्या डॉक्टरांची जुनी फियाट मागून घेतली. मंद्रूपच्या बाजारातून बाला शेजारी बसवलं आणि गावाकडं निघाले. लिंबाचं झाड आलं.

"थांबव बाई. हितं उतरावं लागतंय."

मी थांबवली नाही. पाटील ओट्यावरून उठून उभा राहिला. मी त्याच्याकडं बघत गाडी पुढं काढली. लई बरं वाटलं. मग शेजारी बघितलं. बा मान खाली घालून बसला होता. घरी पोचल्यावर तो खाली उतरला. मग शांतपणे म्हणाला,

"तू सांजच्याला सोलापूरला जाशील. उद्या मला तितनंच जायाचं हाय की."

माझा सगळा ताठा उतरला. काचा बंद करून पाटलापुढून जायचं आणि रात्री शहरात झोपायचं, ही कसली हिंमत? भोगायचं होतं बाला. पुन्हा माझ्यामुळंच.

फियाट परत केली. पुढच्या रविवारी एसटीनं गावी आले. बाची सायकल काढली, पदर खोचला. बाला म्हणाले, माझ्यामागं कॅरियरवर बस. तो बसला नाही. मी एकटीच निघाले. ओट्यावर माणसं होती.

"उतर खाली."

"उतरणार न्हाय."

पायडल मारत राहिले. आता गावच्या शाळेत बदली मागितली आहे. मिळेपर्यंत दर रविवारी येते. मिळाली की रोज त्या दारावरून सायकलवर जाईन. बानं मागं बसायचं की नाही, ते बानं ठरवावं. आडवे येतील, पाडतील. पडेन तिथून पुन्हा सायकलवरच बसेन.