भाऊकाकांचे अकरा ट्रॅक्टर

वसंताचा गावाच्या दुसऱ्या टोकाहून, नानाखेड्याहून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "ताई, भाऊ गेले... सकाळी चहा घेतला, पुन्हा आडवे झाले, ते उठलेच नाहीत," तो म्हणाला. भाऊ म्हणजे त्याचे वडील आणि माझे सख्खे काका. नव्वदीला टेकलेला माणूस, हाल न होता गेला. मी उरलेली मेथी निवडली आणि मग रिक्षा बोलावली. आता महिना होऊन गेलाय. त्यांच्याविषयी लिहायला बसले, तर त्यांच्या आधी त्यांचे ट्रॅक्टरच पुढे येतात.

माझे वडील आणि भाऊकाका नोकरीसाठी वाईहून उज्जैनला आले. वडील शाळेत लागले, काका ग्वाल्हेर संस्थानच्या शेतकी खात्यात कारकून. स्वातंत्र्य आलं, संस्थान विलीन झालं, मध्यभारत हे नवं राज्य झालं आणि कचेरीची पाटी बदलली. "साहेब तेच, फायली त्याच, पाटी तेवढी ताजी," असं काका म्हणत. त्याच सुमारास भैरवगढच्या पलीकडे एका शेतावर ट्रॅक्टर चालवून दाखवला गेला. गावकऱ्यांनी त्याला हार घातला, नारळ फोडला. यंत्रं विकणाऱ्या एजंटाने साहेबलोकांच्या मुलांसाठी पत्र्याचे, चावीचे छोटे ट्रॅक्टर आणले होते. वाटून एक उरला, तो काकांनी घरी आणला. तिथून हे वेड लागलं. काही कार्तिक मेळ्यातून, काही इंदूरहून आणि बाकीचे मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाच्या मानगुटीवर बसून मागवलेले, असे मिळून अकरा झाले.

फ्रीगंजमध्ये आमच्या मागच्याच गल्लीत काकांचं भाड्याचं घर होतं. तिथे बैठकीच्या खोलीत काचेचं एक कपाट भिंतीवर इतकं उंच ठोकलेलं होतं, की मोठ्या माणसालाही हात वर करावा लागे. दर रविवारी सकाळी गल्लीतली आम्ही मुलं हात धुऊन खडूच्या रेघेमागे उभी राहायचो. काका पांढरी चादर अंथरून एकेक ट्रॅक्टर खाली मांडत. "हात पाठीमागे!" ही पहिली आज्ञा. आम्हाला खेळण्यातल्या मोटारींचं एवढं अप्रूप नव्हतं; मोटार सरकवली की भिंतीला आपटते, खेळ संपला. ट्रॅक्टरची गोष्ट निराळी. मागची चाकं तळहाताएवढी, पुढची बोराएवढी, ड्रायव्हर उघड्यावर बसलेला आणि मागे नांगर जोडायची कडी. ती कडी दिसली की हात शिवशिवायचे, त्याला काहीतरी काम द्यावंसं वाटायचं. आणि काम असतं मातीत, हे तर उभे चादरीवर! शेजारचा शंभू गयावया करायचा, "काकाजी, बस एक बार छू लेने दो ना." काकांचं उत्तर ठरलेलं, "देखने की चीज़ है, भैया." दोन वर्षांच्या वसंतालासुद्धा काकू कमरेवर घट्ट धरून उभी राहायची. मला तेव्हा काका अगदी चिकट वाटत, आणि ते होतेच.

काकूचं माहेर कित्येक पिढ्या उज्जैनचं. तिची मराठी ऐकून काका कपाळाला हात लावत. "गिलास खाली झाला," असं ती म्हणाली की हे लगेच, "खाली नव्हे, रिकामा! खाली म्हणजे जमिनीकडे." मग ती हसून म्हणायची, "बरं, खाली गिलास खाली ठेवते."

पुढे राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत गेला, राजधानी भोपाळला झाली आणि काकांची तिकडे बदली झाली. तिथे बिऱ्हाडाला जागा मिळेना, म्हणून काकू आणि वसंता इथेच राहिले. पंधरा दिवसांनी काकांचं पत्र आलं. खुशाली, वसंताचा खोकला, आणि शेवटी दोन ओळी... "कपाट खाली करून घे. मुलांची सोय होईल." चादर अंथरायला आता ते नव्हते, तेव्हा सुताराकडून कपाट खालच्या उंचीवर ठोकून घे, मुलं काचेतूनच बघतील, असं त्यांचं म्हणणं. काकूने वाचलं ते, कपाट रिकामं कर. तिला अगदी भरून आलं. "तुझे काका सुधरले गं!" असं मला म्हणत तिने त्या रविवारी अकराच्या अकरा ट्रॅक्टर मुलांना वाटून टाकले. माझ्या वाट्याला लाल आला, तो पहिला, चावीचा.

रंगपंचमीला काका रजेवर आले. रिकामं कपाट त्यांनी उघडून पाहिलं. काकूने घाईघाईने पत्र आणून दाखवलं. स्वतःचंच अक्षर त्यांनी दोनदा वाचलं आणि "खाली..." एवढंच म्हणाले. काकूचा चेहरा उतरला. "मी आणते सगळे मागून," ती म्हणाली. "नको, मीच जातो," म्हणून ते निघाले आणि आधी आमच्याकडे आले.

मी अंगणात पेरूखाली होते. ट्रॅक्टरच्या कडीला सुतळी, सुतळीला मोडका चमचा, आणि मागे वीतभर नांगरलेली माती. लाल रंग जागोजाग उडालेला. काकांना पाहून मी उभी राहिले, ट्रॅक्टर फ्रॉकला पुसला आणि रडत रडत पुढे केला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला. कडीला बांधलेली सुतळी ओढून पाहिली. आता थप्पड बसणार, असं मला वाटलं. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मंगल, मी एकदा चालवून बघू?"

धोतर खोचून ते उकिडवे बसले. चमचा फार खोल रुतला. "असं नाही काका, तिरका धरा," मी डोळे पुसत सांगितलं आणि त्यांनी मुकाट्याने तिरका धरला. थोड्या वेळाने काकू घाबरीघुबरी होऊन दारात आली. "अहो, जेवायला चला. मी आणते ना सगळे परत, शप्पथ..."

काकांनी मान वर केली नाही. "आलो. एवढं वावर उरकतो."

बाकीच्या दहा घरी ते गेलेच नाहीत. पुढे निवृत्त होऊन परतल्यावर आमच्या अंगणात फरशी बसत होती, तेव्हा हातात काठी घेऊन ते मुद्दाम आले आणि पेरूभोवतीची जागा त्यांनी सोडायला लावली. गवंड्याने विचारलं, "यहाँ क्या लगाओगे, बाबूजी?" "कुछ नहीं," काका म्हणाले, "बच्चे खोदेंगे." पेरू गेला, माती आहे. गल्लीतली मुलं तिथे येतात, आणि रविवारी काका कडेला खुर्ची टाकून त्यांना नांगर कसा तिरका धरायचा ते सांगत बसत. परवा रविवारी मी सवयीने खुर्ची बाहेर ठेवली आणि मग माझ्या लक्षात आलं. मला त्यांची फार आठवण आली. मुलं खेळून गेली तरी खुर्ची आत न्यायला हात धजेना.