पडवीची झड

सुहासने बयाबाईंना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या ग्रामपंचायतीच्या फलकासमोर उभ्या होत्या. साठी उलटलेली, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. नव्या आकारणी यादीवर बोट ठेवून त्या ओठ हलवत एकेक ओळ वाचत होत्या. सुहासला ग्रामसेवक होऊन सातच महिने झाले होते. भांडायला येणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. यादी वाचायला आलेलं माणूस पहिलंच.

"भाऊसाहेब, माझी ही खोली कुटं हाय, जरा दाखवा की. मला तर घावंना."

यादीत त्यांच्या पडवीच्या जागी 'बंद खोली, पर्यटकांना भाड्याने' अशी नोंद पडली होती. घरपट्टी तिप्पट होणार होती, आणि हरकत घ्यायला दोनच दिवस उरले होते. त्यानंतर यादी कायम.

सुहासने मोजणीच्या वेळचा फोटो दाखवला. सारवलेली भिंत, दाराला पडदा, आत कॉटवर फुलाफुलांची चादर.

बयाबाई हसल्या. "त्या कॉटवर मी झोपते. माझं भाडं मलाच मागू व्हय? आन् ही भिंत न्हाई, झड हाय."

झड म्हणजे पावसाळ्यापुरता पडवीला बांधायचा, कारवीच्या काठ्यांचा आणि वरून सारवलेला आडोसा. लोणावळ्याच्या अलीकडच्या त्या वाडीत पाऊस आडवा येतो. झड नसली तर घरात चूल पेटायची नाही. ती सुटते थेट दिवाळीला. मोजणीची माणसं शहरातली, आणि आली नेमकी आषाढात. सुहासही सोलापूरकडचा, त्याने झड कधी पाहिली नव्हती.

"मावशी, जागा पाहिल्याशिवाय मला नोंद खोडता येत नाही."

"मग या की उद्या. पाय हायेत न्हवं?"

दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस. सुहास टेप आणि फाइल घेऊन पोचला, तर बयाबाईंनी पडवीतलं सरपण आधीच आत हलवलं होतं. पदर खोचून त्या झडीच्या गाठी सोडू लागल्या. कापत नव्हत्या, पुन्हा बांधायच्या होत्या.

शेजारचे दत्तोबा ओरडले, "बया, दिवाळी आली का गं?"

"आली! फराळाला ये."

"अहो, सगळं भिजेल," सुहास म्हणाला.

"भिजू द्या. वाळंल."

शेवटची गाठ सुटली. दोघांनी धरून सगळी झड अंगणात आडवी केली. पाऊस सरळ कॉटवर आला. उरले दोन लाकडी खांब आणि शेणाने सारवलेली जमीन.

"खोलीची भिंत अशी उचलून ठेवता येती का, भाऊसाहेब? मोजा आता."

सुहासने मोजलं, फोटो काढले आणि छत्रीखाली वाकून लिहिलं : उघडी पडवी, स्वतःचा वापर. मग त्याने विचारलं, "अशा झडी वाडीत किती?"

बयाबाईंनी वरच्या अंगाने नावं घेतली. अकरा घरं. त्याच दिवशी त्या भिजत त्याच्यापुढे चालल्या आणि प्रत्येक झड हाताने दाबून दाखवत गेल्या. अकराही हरकती मुदतीत नोंदल्या गेल्या, नोंदी दुरुस्त झाल्या.

संध्याकाळी झड परत बांधायला सुहासने हात लावला. त्याने मारलेल्या तिन्ही गाठी बयाबाईंनी सोडल्या आणि नव्याने मारल्या.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. बयाबाई दर पावसाळ्यात झड स्वतःच बांधतात आणि त्याच कॉटवर झोपतात.