दारापर्यंतचा रस्ता

ज्या परदेशी सिनेमावरून हा गेम बनवलाय, त्यातला गुंड घरी पोचण्याआधीच मरतो. वर आई जेवायची थांबलेली असते आणि तो खालच्या गल्लीत पडतो. ते घर आतून कसं असेल, हे कुतूहल मला कॉलेजपासून आहे. म्हणून काल दुपारी लेक तो गेम खेळत बसली, तेव्हा मी म्हटलं, "मुक्ता, याला एकदा घरी नेऊ या का?"

"तूच ने," म्हणत तिने कंट्रोलर माझ्या हातात दिला.

शहर काय सुंदर बनवलंय! न्हाव्याच्या दुकानापुढे गल्ली कुठे वळते, ते सिनेमात कधीच दिसलं नव्हतं. आता दिसलं. मी सवयीने डावीकडून गाडी हाकत होते आणि समोरच्या सगळ्या गाड्या माझ्याच अंगावर येत होत्या. "आई, त्यांच्याकडे उजवीकडून चालवतात!" मुक्ता ओरडली.

शेवटी पोचलो. खिडकीत दिवा होता, दार मात्र नुसतं रंगवलेलं. कुठलंच बटण चालेना.

"बँक फोडता येते," मुक्ता म्हणाली, "पण घरात नाही जाता येत."

फुटपाथच्या भेगासुद्धा काढणाऱ्यांचं एवढं दारच कसं राहिलं? की सिनेमावाल्यांनाही ते घर आतून माहीत नव्हतं?

त्याला तिथेच सोडून आम्ही चहा करायला गेलो. परत आलो तेव्हा तो दारासमोर उभाच होता, मधूनच या पायावरचा भार त्या पायावर घेत. येणारंजाणारं कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. त्याने अजून कुणाचं काही वाईट केलं नव्हतं ना.