एका वाक्याची दोन पत्रं

जेवण झालं की गुरुजी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत डोळे मिटायचे आणि पलटण यायची. गेली दोन वर्षं हा शिरस्ता. बुटांचा आवाज न करता एकेक जण यायचा, रांगेत उभा राहायचा आणि काहीतरी बारीकसारीक मागायचा. कोणी मोजे, कोणी काडेपेटी, कोणी पत्राला कागद. लढाईबद्दल चकार शब्द नाही. गुरुजी झोपेतच खिसे चाचपायचे. सूनबाईला वाटायचं, मामंजी चष्मा शोधताहेत. ती तो आणून हातात ठेवायची आणि तेवढ्यावर पलटण विरून जायची.

गुरुजी पलटणीचे धर्मगुरू होते. बंदुकीला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम, पण त्या जुन्या लढाईत तीन वर्षं बंदुकवाल्यांच्या मागोमाग त्यांनी चिखल तुडवला. जवान त्यांना ‘बिनगोळीचा शिपाई’ म्हणायचे आणि चिडवून झालं की त्यांच्याच तंबूत येऊन बसायचे. त्यांना शिकवणारे म्हातारे गुरू सांगत, की सैन्य जितकं जुनं तितकंच आपलं काम जुनं. पूर्वी राजे आपल्याकडून तलवारींना आशीर्वाद मागायचे. गुरुजींच्या वाट्याला तलवारी आल्या नाहीत. स्ट्रेचरची एक बाजू आली, उवांनी भरलेली घोंगडी आली, समोरचा ज्या धर्माचा असेल त्याला उमजेल ती प्रार्थना आली. आणि पत्रं आली. जवान गेला की घरी धर्मगुरूने लिहायचं, ही रीत.

पहिल्या हिवाळ्यात एक जवान त्यांच्यासमोर गेला. जाताना दोन घोट पाणी प्यायला आणि म्हणाला, “घरी सांगा, मी घाबरलो नाही.” गुरुजींनी तसंच लिहिलं. पुढे आठवड्याला पाच, कधी नऊ पत्रं लिहायची वेळ आली. बहुतेकांच्या अखेरीला गुरुजी नव्हतेच, कोणीच नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग तेच वाक्य पुन्हा लिहिलं गेलं. आणि पुन्हा. गुरुजी मजकूर लिहीत, पत्ता कचेरीतला कारकून घाली. कोणतं पत्र कोणत्या घरी गेलं हे गुरुजींनी कधी पाहिलं नाही. न पाहण्यातच त्यांची सोय होती, पण त्यासाठी त्यांना बोल लावायला माझी जीभ काही वळत नाही.

त्या दुपारी रांगेच्या शेवटी एक बाई उभी होती. पांढरे केस, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच राहिलेलं. पलटणीत बाई कुठून आली, याचं गुरुजींना नवल वाटलं.

“काय हवंय?” त्यांनी झोपेतच विचारलं.

“आधी बसायला हवंय. गुडघे बोलताहेत.”

सूनबाईने खुर्ची ओढली, तिचे पाय फरशीवर करकरले, तेव्हा कुठे गुरुजींना उमगलं की बाई खरी आहे.

बाईने पिशवीतून दोन पत्रं काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. “हे माझ्या थोरल्या भावाचं. हे धाकट्याचं. मध्ये चार महिने. वाचा.”

गुरुजींनी वाचलं. अक्षर त्यांचंच. दोन घोट पाणी, आणि ‘मी घाबरलो नाही’. दोन्हीकडे.

“हे बघा गुरुजी, ताकाला येऊन भांडं लपवायची मला सवय नाही,” बाई म्हणाली. “थोरल्याचं मी मानते. तो मरतानाही ऐट सोडणारा नव्हता. पण धाकटा? मिसरूड फुटली तरी ढग गडगडले की माझ्याजवळ येऊन बसायचा. आई गेल्यावर मीच वाढवलंय दोघांना. तो घाबरला नाही हे जगाला सांगा, मला नका सांगू.”

“इतक्या वर्षांत कधी आला नाहीत?”

“वडील होते ना. आल्यागेल्याला हे वाक्य वाचून दाखवायचे. त्यांच्या देखत ते कसं मोडायचं? गेल्या महिन्यात ते गेले. आता मला एवढंच सांगा, तो एकटा होता का?”

तेच जुनं वाक्य गुरुजींच्या ओठांवर आलं. इतक्या वेळा लिहिलेलं, आपोआपच आलं. पत्रातल्या नावावरून धाकटा त्यांना चांगला आठवत होता. दुपारच्या रांगेत तो कधीच येत नसे, म्हणून तर जास्तच आठवत होता. गुरुजींना खरं सांगायची भीती वाटली, आणि आश्चर्य म्हणजे बरंही वाटलं.

“एकटा नव्हता. मी होतो,” ते म्हणाले. “आणि तो घाबरला होता. फार. त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं. माझा हात असा आवळला की दुसऱ्या दिवशी मला लेखणी धरता येईना. आणि मला म्हणाला... ताई.”

बाई हलली नाही.

“माझी ही दाढी, हा आवाज. काय करणार? ‘हो रे, इथंच आहे’ म्हटलं. म्हणाला, ‘जाऊ नकोस.’ म्हटलं, ‘नाही जात.’ ऊन उतरेपर्यंत बसलो होतो. तो गेल्यावरही बसलो, शब्द दिला होता म्हणून. हे घरी लिहायचा धीर झाला नाही, बाई. जवान घाबरला असं कसं लिहू? आणि मी त्याची ताई झालो, हे तर कोणत्या तोंडाने लिहू?”

दारात उभ्या सूनबाईने डोळ्यांना पदर लावला होता.

“त्याला रागावलात का?” बाईने विचारलं.

“छे! कशाला रागावेन?”

“मग त्याने ओळखलं असणार. मी असते तर आधी झापलंच असतं, एवढं लागेपर्यंत लक्ष कुठे होतं म्हणून.” तिने बोटातलं अंगुस्तान काढलं. “ओळखलं, तरी हात नाही ना सोडला?”

“नाही सोडला.”

“कोणता हात?”

गुरुजींनी उजवा पुढे केला. बाईने तो दोन्ही हातांत घट्ट धरला आणि धाकट्याला झापावं तशी ती त्यांच्यावर डाफरली, “आणि एवढं माझ्यापासून लपवून ठेवलंस होय रे?”