चेहरा जुळला नाही

माझी श्रद्धा आटली होती असं मी म्हणणार नाही. पण देवापुढे डोळे मिटले तरी हात पिशवीतल्या फोनकडे जायचा, हे खरं. सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका लहानशा गावात मी अंगणवाडी सेविका आहे. पूर्वी लेकरांना गाणी शिकवायची, खिचडीवर लक्ष ठेवायचं आणि गरोदर बायकांना आहाराची पाकिटं द्यायची, एवढं काम होतं. काम आजही तेच आहे, फक्त ते फोनला पटावं लागतं. पाकीट द्यायचं तर बाईने पडद्यावरच्या चौकटीत तोंड धरायचं, डोळे मिचकावायचे आणि फोनने तिच्या जुन्या फोटोशी ताडून होकार द्यायचा. आमच्या बायकांना डोळे मिचकवा म्हटलं की हसू येतं, हसल्या की तोंड चौकटीबाहेर जातं, आणि सगळं जमून आलं की नेटवर्क जातं.

सांगताना गंमत वाटते. भोगताना मात्र वाटत नव्हती. दिवसभर दात आवळून माझ्या दाढा ठणकायच्या. फोन वाजलेला नसताना वाजल्यासारखा वाटायचा. घरात कुणी साधा चहा मागितला तरी मी अंगावर जायची. औंढ्याच्या डॉक्टरांनी बीपीची गोळी लिहून दिली आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले, जसं काही मी ते बाजारातून हौसेने आणत होते. दर सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचा माझा नेम आहे. अंग चोरून त्या खालच्या गाभाऱ्यात उतरायचं आणि पिंडीवर डोकं टेकून मी एकच मागायची, देवा, हे यंत्र माझ्या मानगुटीवरून उतरव.

श्रावणातल्या एका सोमवारी तो नेमही मोडला. सकाळीच आमच्या पर्यवेक्षिका मॅडमचा फोन आला. माझ्या अंगणवाडीतली एक बाई बाकी होती. आज तिचा चेहरा जुळला नाही तर यादीतून नाव जाणार होतं. ती बाई म्हणजे सविता. पहिलटकरीण, आठवा महिना, अंगात रक्त कमी. पाकिटाची खरी गरज तिलाच होती. नेसलेलं दर्शनाचं लुगडं तसंच ठेवून मी चरफडत तिच्या घरी गेले.

फोनने तिला ओळखलं नाही. उजेड कमी असेल म्हणून तिला अंगणात आणलं, डोक्यावरचा पदर मागे घेतला, तरी पडद्यावर तीच लाल अक्षरं, चेहरा जुळला नाही. मग माझं लक्ष तिच्या गालावरच्या काजळाच्या मोठ्या ठिपक्याकडे गेलं. तिच्या सासूबाई धुरपताबाई जवळच धान्य निवडत होत्या. "ते काजळ पुसा मावशी," मी म्हणाले, "त्याच्यापायी अडून राहिलंय."

"न्हाई पुसायचं," त्या म्हणाल्या. "सुनंचं तोंड कसं भरून आलंय, पाहून नाही राहिल्या का? गावातल्या बाया टकामका बघत्यात. वरून तुमचा ह्यो फोन. नजर न्हाई लागनार?"

बरीच हुज्जत घालून काजळ पुसलं. तरी नाही. मग मारुतीच्या पारावर नेटवर्क चांगलं येतं म्हणून आम्ही तिघी तिकडे गेलो. सविता हळूहळू चालत होती आणि मला तिच्या हळू चालण्याचाही राग येत होता. पारावर औंढ्याला पायी निघालेल्या काही परक्या बाया विसाव्याला टेकल्या होत्या. त्या आज देव पाहणार आणि मी हे पाहत बसणार, असं मनात येऊन मला रडू आवरेना. फोन सविताच्या तोंडासमोर धरून मी नुसती ओरडत होते, वर बघ, मान हलवू नको, मिचकव.

त्या बायांपैकी एक म्हातारी तांब्यातलं पाणी पिता पिता सविताकडे बघत होती. तिने तांब्या खाली ठेवला.

"काहून गं माय," ती सविताला म्हणाली, "तोंड एवढं सुजलंय तुझं? बांगड्या तर मासात रुतल्यात."

मी फोन खाली घेतला. सकाळपासून मी सविताला पाहत होते, पण चौकटीतून. आता नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. पापण्या फुगून डोळे बारीक झाले होते. पाय तर चपलेत मावत नव्हते. घरातल्यांनी रोज पाहून पाहून त्याला तेज समजलं होतं, आणि मी तेवढंही पाहिलं नव्हतं. "डोकं दुखतं का गं?" मी विचारलं.

"व्हय ताई. चार रोजापासून ठणकून राहिलंय. डोळ्यापुढं काजवे येत्यात." हे तिने मी विचारल्याशिवाय सांगितलं नसतं, आणि मी तर तिला मिचकवण्यापलीकडे काहीच विचारलं नव्हतं.

गावातल्या अन्वरभाईंचा ऑटो पाराजवळच उभा होता. एका शब्दावर त्यांनी तो वळवला. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी रक्तदाब मोजला, पट्टा काढून पुन्हा मोजला, आणि आम्हाला तसंच रुग्णवाहिकेत बसवून हिंगोलीला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झटके यायच्या बेतात होती, उद्यावर टाकलं असतं तर आई आणि मूल दोघंही हाती लागली नसती. धुरपताबाई भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या. मी त्यांचा हात धरला.

संध्याकाळी सविताला ऑपरेशनसाठी आत नेलं तेव्हा मॅडमचा फोन आला. "ताई, ते नाव बाकीच राहिलं ना शेवटी?"

"राहिलं, मॅडम," मी म्हणाले. आवाज चढला नाही, कापलाही नाही. का, कोण जाणे. मी सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बरं केलंत. नावाचं मी बघते."

मुलगी झाली. वजन कमी म्हणून पेटीत ठेवली, पण रडली खणखणीत. ते रडणं ऐकून तिथेच उभ्या उभ्या मी हात जोडले.

ती म्हातारी कोण, कुठल्या गावची, मला कळलं नाही. आम्ही ऑटोत बसलो तेव्हा ती तांब्या भरून घेऊन वाटेला लागली होती. फोन खरोखर त्या सुजेमुळे अडला, की नेहमीसारखा उगाच, तेही मी सांगू शकत नाही. एवढंच जाणते, की पहिल्याच खेपेला चेहरा जुळला असता तर पाकीट हातावर ठेवून मी औंढ्याची गाडी पकडली असती.

फोन अजून तसाच आहे. आजही अडतो, आजही वैताग येतो, गोळीही चालू आहे. पण आता तो अडला की मी आधी समोरच्या बाईकडे बघते, तिची विचारपूस करते, आणि माझ्या हातातलं करून झालं की बाकीचं नागनाथावर सोडते. यंत्र उतरव, असं मागणं मी बंद केलं आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत मी त्यातच डोकं घालून बसलेली. मला गाठायला देवाने तरी दुसरीकडे कुठे यावं?