दोराच्या वाटेत आलेले पाय

मनाय सेपाचं, म्हणजे सेपाताईचं, छप्पर मेलचोरने वाऱ्याच्या तोंडी दिलं, आणि तेही शहाणपणा करून. फिलिपीन्समधल्या कातान्द्वानेस बेटाच्या त्या किनाऱ्यावर सोलर बसवणारा तो एकटाच, त्यामुळे त्याला अडवणार कोण? पॅनेल पत्र्यालगत बसवावेत, अंगणात चौकट रोवावी, की छपरावर उंच पाय ठोकून उन्हाकडे कलते करावेत? अंगणात डुकरं. पत्र्यालगत ऊन कमी. मेलचोरने उंच पाय निवडले. सेपाचा म्हातारा नवरा इस्को श्वासाच्या यंत्रावर होता. जितकं ऊन जास्त तितका श्वास जास्त, असा त्याचा सरळ हिशेब.

दोर मात्र तो विसरला. वादळाची वर्दी आली की इथे घरं बांधतात, गोठ्यात रेडा बांधावा तशी. आढ्यावरून दोर टाकायचे आणि दोन्हीकडच्या खुंटांना ताणायचे. त्या दुपारी कर्णा लावलेली तीनचाकी वादळाची वर्दी ओरडत गेली, मेलचोर दोर घेऊन धावला आणि वर पाहतो तर दोर जायचे नेमके तिथेच त्याचे पाय उभे.

"पाय सुरेख आहेत रे," मनाय सेपा खालून म्हणाली. "जत्रेत नाचायला नेऊ या."

समुद्र शिळ्या भाताच्या पेजेसारखा पांढुरका झाला होता. दोर पॅनेलवरून ताणला तर काच जाणार. नाही ताणला तर वारा पॅनेलखाली शिरून पत्र्यासकट सगळं उचलणार, इस्कोच्या डोक्यावरून.

"मनाय, यांना शाळेत हलवू या."

"शाळेतली वीज सकाळीच गेली. यंत्र काय फळ्याला लावू? बॅटरी किती टिकेल?"

"उद्या दुपारपर्यंत. मग ऊन हवं."

आतून इस्कोचा आवाज आला, मध्ये थांबत थांबत. "काढ ते पाय, पोरा. आधी छप्पर. मग माझं बघ."

खाऱ्या हवेने नट गंजले होते. मेलचोरने एकेक पाय करवतीने कापला, सेपाने खालून शिडी धरली. पॅनेल इस्कोच्या खाटेखाली सरकवले, दोर ताणले, आणि वारा आला. रात्रभर पत्रा दात खात राहिला. यंत्राची घरघर चालू आहे ना, एवढंच तिघं ऐकत होते.

उजाडलं तेव्हा छप्पर जागेवर होतं. बॅटरीचा दिवा मात्र लाल झाला होता. पॅनेल टेकवायला आता पाय नाहीत, पट्ट्या नाहीत. शेजारच्या पोन्सोने आपली होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेला आधाराचा बांबू सोडवून दिला. मेलचोरने त्याचे तुकडे वाशांना घट्ट बांधले, दोरांची वाट मोकळी ठेवली आणि पॅनेल पत्र्यालगत, हाताने सुटतील असे बसवले. दुपारी ढग फाटले, थोडेसेच. दिवा पिवळा झाला. मनाय सेपा पहिल्यांदा खाली बसली.

पोन्सोची होडी अजून एका अंगाने लंगडी आहे. "माझा बांबू श्वास घेतोय ना?" असं तो रोज विचारतो. मेलचोर रोज म्हणतो, "या आठवड्यात नवा आणतो, मनोय दादा," आणि आभाळाकडे बघतो.