पूजेतल्या माणसाला हाक मारू नये

गिरिजाचा हैदराबादहून फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीची डाळ वाळत घालत होते. "आत्या, अप्पा फोन उचलंनात. कालपासून." मी म्हटलं, "अगं, सकाळीच तर तुझ्या आईचं गाणं चालू होतं. पूजेला बसले असतील." ती म्हणाली, "मीबी हिथं ऐकलंय. म्हणून तर निवांत होते..." माझी नजर उन्हाकडे गेली. दुपार कलली होती. इतका वेळ कोण पूजेला बसतं?

काशिनाथअण्णा, गिरिजाचे वडील, हे आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यांना जाऊन महिना उलटला, तरी त्यांच्याबद्दल बोलायला लागले की मला रडू यायच्या आधी राग येतो. भालकीला त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. कॅसेटी गेल्या, दुकान गेलं, नाद काही गेला नाही. त्यांची बायको शांतक्का पहाटे वचनं, म्हणजे शिवाची कन्नड पदं, गायची. कन्नड न कळणारा माणूससुद्धा दारात थांबून ऐकायचा. अण्णांनी तिचं गाणं वर्षानुवर्षं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. ती गेली, आणि हे रोज सकाळी लिंगपूजेला बसताना कॉम्प्युटरवर तिचा आवाज लावू लागले. आमच्या लिंगायत गल्लीची रीत अशी, की तळहातावर लिंग घेऊन बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही, कडी वाजवायची नाही. जग बुडालं तरी बाहेर थांबायचं. मी मराठ्याची, पण लग्न होऊन खटकचिंचोळी गावात आल्यापासून मीही ही रीत पाळत आले. शांतक्काचा आवाज आला की अण्णा पूजेत, हे पोरासोरांनाही ठाऊक.

तो जुना कॉम्प्युटर म्हणजे एक कपाटच. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, आणि लाइट गेली की बंद. अण्णा उठून, चार शिव्या घालून, पुन्हा बटण दाबायचे. एकदा लाइट अशी झटक्यानं आली की आतली डिस्कच बसली. कितीतरी गाणी गेली. अण्णा जेवले नाहीत. "शांता दुसऱ्यांदा गेली, अक्का," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच खूळ... घरातच एक छोटा सर्व्हर ठेवायचा. वीज कमी खाणारा, रात्रंदिवस जागा राहणारा. गाणी त्यात सुखरूप राहतील, पोरीला हैदराबादेत बसून ऐकता येतील, आणि सकाळी घरात आपोआप लागतील. गिरिजा म्हणाली, भाड्याची जागा मिळते इंटरनेटवर, तिथं ठेवा. तर म्हणे, "बायकोचा आवाज लोकाच्या घरात कामून ठेवू?"

मग सुरू झाली निवड. हातावर मावणारं उघडं सर्किट आणून बघितलं. ते मुंगीएवढी वीज खायचं, पण त्याचं कार्ड लाइटच्या लपंडावात खराब होतंय म्हणून नापास. गिरिजाचा जुना लॅपटॉप आणला, तर त्याची बॅटरी पोळीसारखी फुगलेली. मी म्हटलं, "काय अण्णा, पोरीला स्थळ बघताना एवढं बघितलं न्हाई तुम्ही!" तर म्हणाले, "स्थळ बिघडलं तर पोरगी माघारी येती, अक्का. आवाज येत न्हाई." आणि प्रत्येक दुकानदाराला त्यांचा एकच प्रश्न असायचा, "घरात माणूस नसला तर चालतंय का?" मला ते ऐकून कसंतरी व्हायचं. त्यांच्या छातीत कळ यायची, डॉक्टरांनी एकटं राहू नका म्हणून बजावलं होतं, पोरगी बोलवून बोलवून थकली होती. पण हे घर सोडायला तयार नाहीत. म्हणे, शांता हिथं हाय.

डोळे तपासायला मी बीदरला गेले तेव्हा तेही सोबत होते. एका दुकानात पुस्तकाएवढा काळा डबा होता, एका ऑफिसातून निघालेला छोटा कॉम्प्युटर. दुकानदार म्हणाला, "पंखाच नै चाचा, आवाज कहाँ से आता? लाइट गई तो साथ की बैटरी पे चलता, आई तो अपने आप. आप भूल जाओ, ये नै भूलता." अण्णा हसले. ते हसणं मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

डबा आला आणि ती घरघर गेली. मला तर चुकल्याचुकल्यासारखं झालं. घरघर ऐकू आली की कळायचं, माणूस उठला, त्यानं बटण दाबलं. आता गाणं आपलं आपण सुरू व्हायचं. एकदा सकाळी अण्णा मला बसस्टँडवर भेटले आणि घरात गाणं चालूच. मी म्हटलं, "तुम्ही हिथं, मग घरात कोण हाय?" म्हणाले, "शांता हाय की." आम्ही दोघंही हसलो. एवढं डोळ्यांनी बघूनही कानाची सवय काही मोडली नाही. दुसऱ्या दिवशी आवाज आला तेव्हा मी पुन्हा हेच धरून चालले, की अण्णा पूजेत आहेत.

गिरिजाचा फोन ठेवून मी गल्लीतल्या माणसांना बोलावलं. दार ढकललं. अण्णा चटईवर भिंतीला टेकून बसलेले होते, मूठ मिटलेली. अंग गार. कोनाड्यातल्या डब्याला चुकून माझा हात लागला, तर तो कोमट. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी सकाळीच गेले. म्हणजे दोन सकाळी ती गात होती, आम्ही ऐकत होतो, आणि कुणीही कडी वाजवली नाही. गिरिजानं विचारलं, "कळ आल्या आल्या कुणी गेलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत न्हाई. लाइट मात्र त्या दोन दिवसांत कितीदा गेली, आली. डबा एकदाही थांबला नाही. थांबला असता तर कुणीतरी विचारलं असतं, आज आवाज कसा नाही...

विधी झाल्यावर गिरिजा डबा बंद करायला गेली. त्याच्यासमोर नुसतीच उभी राहिली, आणि घराची किल्ली माझ्या हातात देऊन निघून गेली. त्यामुळे अजूनही रोज सकाळी त्या बंद घरात शांतक्का गायला लागते. मी हातातलं काम टाकते आणि जाऊन कडी वाजवते. चांगली जोरात. आत कुणी नाही, मला कळतं. परवा समोरचे वीरय्यास्वामी पूजेला बसले होते, त्यांचीही वाजवली. तणतणत बाहेर आले. "पूजेत कडी वाजवायलाव, अक्का? याड लागलंय का?" म्हटलं, चिडा बापा, खुशाल चिडा. पण आधी आतून ओ द्या.